आधी बीजपरीक्षा, मग बीजसंस्कार

मृग नक्षत्र जवळ आले की विदर्भातील वैद्यवर्गात आणि फार्मसीचालकांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. बियाणे आणले, पेरले, पाणीही घातले. परंतु उगवण झाली नाही. तेव्हा उगवणीची खात्रीची पद्धत कोणती? उत्तरेही तयार असतात. कोणी बी रात्रभर पाण्यात भिजविण्यास सांगतो, कोणी उकळते पाणी सुचवितो, कोणी गोमूत्राचा आग्रह धरतो, तर कोणी जिबरेलिक आम्लाची पुडी आणून देतो. प्रत्येकाचा अनुभव त्याच्यापुरता खरा असतो आणि तरीही एकाचा उपाय दुसऱ्याच्या रोपवाटिकेत फसतो. आमच्या मते याचे कारण प्रश्नाच्या मांडणीतच आहे. 'ज्वरावर औषध कोणते?' असे रुग्णाच्या नातेवाइकाने विचारले, तर ज्वर कोणता हे पाहिल्यावाचून कोणताही वैद्य उत्तर देणार नाही. बीजाच्या बाबतीत मात्र निदान बाजूस ठेवून थेट चिकित्सेला प्रारंभ होतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच आहे की, उगवणीची सर्वांसाठी एकच उत्तम पद्धत नाही. बीज का उगवत नाही हे आधी ठरवावे आणि त्या कारणानुसार पद्धत निवडावी. हे काम कृषिशास्त्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्यासारखे नाही. ते वैद्यांनी आणि औषधनिर्मात्यांनी स्वतः केले पाहिजे.

यात पणाला काय लागले आहे, हे प्रथम पाहू. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना नोव्हेंबर २००० मध्ये झाली. तेव्हापासून वनौषधी लागवडीवर परिसंवाद झाले, अनुदाने जाहीर झाली, पुस्तिका निघाल्या. असे असूनही आपल्या भट्टीवर चढणाऱ्या काष्ठौषधींपैकी कितीतरी द्रव्ये आजही रानातूनच येतात. दशमुळांचेच उदाहरण घ्या. बृहत्पंचमुळातील बेल, टेटू, शिवण, पाडळ आणि अग्निमंथ यांची मुळे आपल्याला हवी असतात. फळ तोडले तर झाड उरते, पान तोडले तरी उरते. मूळ काढले की बहुधा झाडच जाते. एक टेटू उपटल्यावर त्याच्या जागी दुसरा उभा राहण्यास कित्येक वर्षे लागतात, आणि तोही कोणी रोप लावले तर. रानातील झाडे विरळ झाली की पोत्यात भलतीच मुळे येऊ लागतात. मग दशमूलारिष्टाच्या बाटलीवर लिहिलेले नाव आणि आतील द्रव्य यांत अंतर पडते. औषध रुग्णाला लागू पडले नाही तर बोल वैद्याच्या चिकित्सेला लागतो, पुरवठादाराला नव्हे.

शिवाय बीज वर्षातून एकदाच तयार होते. पेरणी फसली तर बियाण्याचे पैसे बुडतात ही हानी लहान आहे; संपूर्ण वर्ष हातचे जाते ही हानी मोठी आहे. ज्या शेतकऱ्याने आपल्या सांगण्यावरून अर्धा एकर रान तयार ठेवले, तो पुढील वर्षी पुन्हा सोयाबीनकडे वळतो आणि वनौषधींचे नाव काढीत नाही.

सुश्रुतांनी सांगितलेले चार घटक

या विषयाचा विचार करण्यासाठी आपल्याला परक्या चौकटीची आवश्यकता नाही. शारीरस्थानात गर्भसंभवाचा विचार करताना सुश्रुताचार्यांनी ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज या चार घटकांचा समवाय सांगितला आहे, आणि त्यासाठी दृष्टांत दिला आहे तो अंकुराचाच. वंध्यत्वाचा रुग्ण समोर आला की आपण या चारही अंगांनी विचार करतो. एखादे अंग दूषित असता उरलेल्या तिघांवर कितीही उपचार केले तरी फलप्राप्ती होत नाही, हे आपण रुग्णाला समजावून सांगतो. परंतु ज्या अंकुरावरून हा सिद्धांत समजाविला गेला, त्या अंकुराची वेळ आली की बहुतेकांचा सारा भर एकट्या अंबुवर असतो. बी किती तास भिजवावे आणि कशात भिजवावे, याच्या पलीकडे चर्चा जात नाही.

बीज : औषध वेगळे, बियाणे वेगळे

चारही घटकांत पहिली परीक्षा बीजाची. येथे सर्वांत मोठा घोटाळा आपल्याच व्यवसायात होतो. इतवारीतील काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेला बेहडा, हिरडा किंवा वावडिंग काही उत्साही मंडळी कुंडीत पेरून पाहतात आणि उगवत नाही म्हणून निराश होतात. दुकानात मिळते ते औषध असते, बियाणे नव्हे. औषध टिकावे म्हणून ते कडक उन्हात वाळविलेले असते, आवळ्यासारखे फळ काही ठिकाणी वाफवलेले वा उकळलेलेही असते, आणि ते गोदामात किती दिवस पडून होते हे कोणी सांगू शकत नाही. औषधासाठीची पक्वता आणि बियाण्यासाठीची पक्वता याही भिन्न आहेत. बालहरीतकी म्हणजे आठळी धरण्यापूर्वीचेच फळ. ग्राही गुणासाठी आपण बेलफळ कोवळे वा कच्चे घेतो. रोपासाठी मात्र ते झाडावर पूर्ण पिकलेले हवे. म्हणून बियाण्याचा संग्रह हा औषधसंग्रहाहून वेगळा विधी मानला पाहिजे. त्यासाठी वेगळी वेळ, वेगळी पिशवी आणि वेगळा भाव ठरला पाहिजे.

बीज जिवंत आहे किंवा नाही हे पाहण्याची रीत विदर्भातील प्रत्येक सोयाबीन उत्पादकाला ठाऊक आहे. मे महिन्यात तो शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो, आठवड्याने किती दाण्यांना निरोगी कोंब आले हे मोजतो आणि ७० टक्क्यांपेक्षा कमी उगवण आली तर ते बियाणे बाजूस सारतो किंवा पेरणीचे प्रमाण वाढवितो. एवढी साधी परीक्षा आपण वनौषधींच्या बियाण्याला लावीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. फरक इतकाच की काही वनौषधींना आठवडा पुरत नाही. शतावरीला तीन आठवड्यांपासून दीड-दोन महिने लागू शकतात, हे धरून धीर ठेवावा लागतो.

या परीक्षेने हिशेबही सुटतो. शंभरपैकी चाळीस बीजे उगवली आणि पाचशे रोपे हवी असतील, तर किमान साडेबाराशे बीजे पेरावी लागतील. रोपवाटिकेतील मर धरून पंधराशे. हा हिशेब न मांडता मूठभर बी टाकून वाट पाहणे म्हणजे मात्रा न ठरविता औषध देण्यासारखे आहे.

साध्यासाध्यता पाहून उपाय

बीज जिवंत असूनही उगवत नसेल तर कारण शोधावे. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. वीस बीजे एका वाटीत पाणी घालून रात्रभर ठेवावी. सकाळी ती फुगलेली नसतील तर पाणी आत शिरतच नाही, म्हणजे अडथळा कवचाचा आहे. फुगली, पण पुढे कित्येक दिवस कठीण आणि निरोगी राहूनही कोंब आला नाही, तर अडथळा आतील सुप्तावस्थेचा आहे. फुगून मऊ पडली आणि दुर्गंधी सुटली, तर बीज मृत होते किंवा पाण्याने कुजले. या तीन अवस्थांना तीन वेगळे उपाय आहेत. ते एकमेकांच्या जागी वापरले तर अपाय होतो.

रोगांप्रमाणे बीजांतही काही सुखसाध्य, काही कष्टसाध्य, काही याप्य तर काही प्रत्याख्येय असतात, असे म्हणण्यास हरकत नाही.

सुखसाध्य बीजांना संस्कार लागतच नाही, ताजेपणा लागतो. टेटूच्या तलवारीसारख्या शेंगेतील पातळ, पंखयुक्त बिया आणि पाडळीच्या बिया याच वर्गातील. शेंग झाडावर वाळून फुटण्यापूर्वी उतरवावी, बी सावलीत ठेवावे, त्याच हंगामात पेरावे आणि वर मातीचा अगदी हलका थर द्यावा. बेलाचे बी गरातील चिकट द्रवापासून धुऊन मोकळे केले की बिनतक्रार उगवते. निंबोळीचा प्रश्न तर केवळ वेळेचा आहे. गर काढून सावलीत वाळविलेली निंबोळी साध्या साठवणीत दोन-तीन आठवड्यांतच उगवणशक्ती गमावू लागते. ती पुढील वर्षासाठी डब्यात भरून ठेवणे व्यर्थ होय. अश्वगंधेचे बीही चालू हंगामाचेच घ्यावे. या वर्गातील बीजांवर उकळते पाणी ओतणे म्हणजे निरोगी माणसाला तीक्ष्ण विरेचन देणे आहे.

बृहत्पंचमुळातील किमान टेटू, पाडळ आणि बेल या वर्गात येतात, याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. शिवणीची आठळीही गर काढून एक-दोन दिवस थंड पाण्यात भिजविली की चांगली उगवते. म्हणजे 'बी उगवत नाही, म्हणून रानातूनच आणावे लागते' ही सबब या द्रव्यांपुरती तरी टिकत नाही. बी वेळेवर गोळा करणारा मनुष्य नसतो, एवढेच सत्य आहे.

कष्टसाध्य वर्गात कठीण कवचाची बीजे येतात. बाहव्याचे बी हे याचे उत्तम उदाहरण. ते महिनोन्महिने पाण्यात ठेवले तरी त्यातील पुष्कळ बीजे तशीच कोरडी राहतात. थोडी बीजे असतील तर अंकुराची बाजू सोडून कवचाला नेलकटरने बारीक चीर द्यावी किंवा ते सँडपेपरवर घासावे. ही सर्वांत निर्धोक रीत होय. बीजे पुष्कळ असतील तर पाणी उकळून आचेवरून उतरवावे, बियांच्या चार-पाच पट पाणी त्यांवर ओतावे आणि ते आपोआप निवू देऊन रात्रभर ठेवावे. सकाळी फुगलेली बीजे निवडून पेरावी. न फुगलेल्यांवर पुन्हा तोच संस्कार करावा. आचेवर ठेवून बी शिजविणे मात्र कटाक्षाने टाळावे. तीव्र गंधकाम्लाचा उपाय पुस्तकांत आढळतो आणि तो परिणामकारकही आहे. परंतु तो प्रयोगशाळेतील जाणत्या हातांसाठी आहे. शेतकऱ्याच्या हाती ते आम्ल देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गुंजेचे कवचही असेच कठीण असते. पण तेथे निराळी सावधगिरी हवी. गुंजबीज विषवर्गातील आहे आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये त्याचा समावेश आहे. अखंड कवच हेच त्या विषाचे झाकण असते. चीर देताना किंवा घासताना निघणारी पूड श्वासात वा डोळ्यांत जाता कामा नये. हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी आणि हे काम मुलांच्या हाती कधीही देऊ नये. बिब्ब्याच्या बाबतीतही त्याच्या तेलाचा दाहक स्वभाव लक्षात ठेवूनच हाताळणी करावी.

हिरड्याची आठळी जाड आणि दगडासारखी असते. तिच्या रुंद टोकाचा तुकडा आतील बीजाला धक्का न लावता कापावा आणि आठळी सुमारे ३६ तास थंड पाण्यात ठेवावी, ही वनशास्त्रातील जुनी, अनुभवसिद्ध पद्धत आहे. आवळ्याच्या आठळ्या उन्हात ठेवल्या की तडकून उघडतात आणि आतील बिया मिळतात. त्या पाण्यात टाकून बुडणाऱ्या तेवढ्या घ्याव्या. गडचिरोली-चंद्रपूरच्या सागाच्या रानात काम केलेल्या वनकर्मचाऱ्यांना सागाच्या फळांना आळीपाळीने भिजविण्याची आणि उन्हात वाळविण्याची रीत परिचित असते. या ओल्या-सुक्या फेऱ्यांनी कठीण आवरण हळूहळू सैल होते.

आतील सुप्तावस्थेचे उदाहरण चंदनाचे. ताजे बी काही आठवडे उगवण्यास राजी नसते. तेथे मात्र जिबरेलिक आम्लाला योग्य स्थान आहे. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, म्हणजे ५०० पीपीएम, या प्रमाणातील द्रावणात बी रात्रभर ठेवतात. ही पूड पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून ती प्रथम थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावी लागते. रोप उगवल्यावरही चंदनाला सोबतीला आश्रयदाती वनस्पती हवी. रोपवाटिकेत त्यासाठी आपली तूरही चालते.

याप्य वर्गात सर्पगंधा येते. तिची पुष्कळ बीजे आतून पोकळ, गर्भहीन असतात. पाण्यात तरंगणारी बीजे काढून टाकली आणि बुडणारी, ताजी बीजे घेतली तरी उगवण बहुधा निम्म्याहून कमीच राहते. तेव्हा बी अधिक घ्यावे आणि जोडीला मुळांच्या तुकड्यांपासूनही रोपे करावी. येथे एक इशारा आवश्यक आहे. पाण्यात तरंगले ते पोकळ, हा नियम सर्व बीजांना लागू नाही. टेटूचे बी पंखामुळे तरंगतेच. ही परीक्षा लावून ते फेकून देणारा आपलेच नुकसान करतो.

उरला प्रत्याख्येय वर्ग, जेथे बीजमार्गाचा आग्रह सोडावा. गुळवेल कांडीपासून सहज येते. बियांच्या मागे लागण्याचे कारण नाही. सफेद मुसळीच्या बियांची उगवण फार कमी असल्याने खोडाच्या चकतीसह मुळ्या लावाव्या लागतात. या शतकाच्या पहिल्या दशकात मुसळीची जी लाट आली, त्या काळात लागवडीच्या मुळ्यांचाच भाव चढा होता. पुढे बाजारभाव उतरले आणि अनेक शेतकऱ्यांचे हात पोळले. लागवडीचे साहित्य आपल्या हाती नसले म्हणजे काय होते, याचा तो धडा आहे.

ऋतु, क्षेत्र आणि अंबु

बीजाची परीक्षा झाली तरी उरलेले तीन घटक सुटत नाहीत. नागपूरचा पारा मे महिन्यात अनेकदा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी काळ्या पॉलिथीन पिशवीतील माती उघड्यावर ठेवली तर बीज अक्षरशः भाजते. शेडनेट, वाळलेल्या गवताचे आच्छादन किंवा निदान झाडाची दाट सावली नसेल तर मे महिन्यात पेरणी करू नये. जूनच्या मध्यास पाऊस येतो, पण एक-दोन सरींनंतर तो पाठ फिरवितो आणि त्या उघाडीत नुकतेच फुटलेले कोंब करपतात. अश्वगंधेची पेरणी तर मृगात करूच नये. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये, मोठ्या पावसाचा जोर ओसरल्यावर ती करावी. अन्यथा कोवळी रोपे पाण्याने बसतात आणि दोष बियाण्याला दिला जातो.

क्षेत्राच्या बाबतीत आपली काळी, चिकण माती कापसाला भूषणावह असली तरी बारीक बियांच्या वाफ्याला ती नडते. ओली असता ती हवा कोंडते, वाळता वर कडक पापुद्रा धरते आणि अशक्त कोंब त्याखालीच मरतो. म्हणून पोयट्याची माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून गादीवाफा करावा. बी किती खोल जावे हे त्याच्या आकारावरून ठरवावे. अश्वगंधेसारख्या बारीक बियांना सेंटिमीटरभर माती पुरते. आठळीसारख्या मोठ्या बीजांना त्यांच्या जाडीच्या दीड-दोन पट. कच्चे शेण वाफ्यात घालू नये. त्याच्या उष्णतेने आणि बुरशीने अंकुर जातो.

अंबुविषयी एकच गोष्ट सांगावीशी वाटते. बीजाला पाणी हवे तसा प्राणवायूही हवा. वाफ्यात पाणी साचले की बीज गुदमरते. बारीक झारीने, थोडे थोडे, शक्यतो सकाळी पाणी द्यावे. बुरशीचा उपद्रव असेल तर ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया उपयुक्त आहे. नैसर्गिक शेतीच्या चळवळीतून बीजामृत विदर्भात घरोघर पोहोचले आहे आणि बुरशीपासून संरक्षण हा त्याचा उद्देश आहे. परंतु बाहव्याचे कवच त्याने उघडेल किंवा पोकळ बीजात गर्भ येईल, अशी अपेक्षा त्याच्याकडून करणे हा त्या उपायावरच अन्याय आहे.

काही आक्षेप

आमच्या या मतावर काही आक्षेप संभवतात. त्यांचा विचार करणे क्रमप्राप्त आहे.

पहिला आक्षेप असा की, रानातील औषधीच वीर्यवान असते. पेरलेली औषधी हीनवीर्य होय. चरकाचार्यांनी कल्पस्थानात औषधी कोणत्या भूमीत उपजलेली असावी, कोणत्या काळी घ्यावी, कशी असू नये हे सविस्तर सांगितले आहे. तो निकष भूमीचा, काळाचा आणि द्रव्याच्या अवस्थेचा आहे. योग्य भूमीत, योग्य काळी, रासायनिक खतांचा मारा न करता वाढविलेली वनस्पती केवळ मनुष्याच्या हाताने बी पडले म्हणून त्याज्य ठरत नाही. उलट रानातून आलेल्या पोत्यातील मूळ कोणत्या भूमीतले आणि कोणत्या ऋतूतले हे आज किती फार्मसीचालक खात्रीने सांगू शकतील?

दुसरा आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो. आपल्या ग्रंथांत बीजसंस्कार सांगितले असता हे वाट्या आणि गोणपाटांचे खटाटोप कशाला? ग्रंथांत बीजसंस्कार आहेत हे खरेच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीताध्यक्षाच्या प्रकरणी धान्यबीजे रात्री दवात आणि दिवसा उन्हात ठेवण्याचा विधी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाध्यायात बीज दहा दिवस दुधात भावित करून शेणात घोळविण्याचा विधी आहे. पण याच ग्रंथांकडे नीट पाहावे. कौटिल्य धान्याला एक, कांडीला दुसरा, कंदाला तिसरा आणि कठीण बीजाला चौथा उपाय सांगतो. वराहमिहिर चिंचेसारख्या कठीण बीजासाठी स्वतंत्र विधी देतो. म्हणजे बीजभेदाने उपायभेद हे तत्त्व त्या ग्रंथकारांना पूर्णपणे मान्य होते. सर्व बीजांवर एकच संस्कार करणारा मनुष्य परंपरा पाळीत नाही, तो केवळ परंपरेचे नाव घेतो. आप्तोपदेशाला प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती यांची जोड देण्यास चरकांनीच सांगितले आहे. दुधाचा विधी करावयाचा तर एका ताटात दुधात भावित पंचवीस बीजे, दुसऱ्यात साध्या पाण्यातील पंचवीस, तिसऱ्यात चीर दिलेली पंचवीस आणि चौथ्यात कोणताही संस्कार न केलेली पंचवीस ठेवावी व मोजावे. चौथे ताट ठेवल्यावाचून पहिल्या तिघांचे यश वा अपयश कशाने ठरविणार?

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. वैद्याने रुग्ण पाहावे की बिया मोजाव्या? हे काम कृषी विद्यापीठाचे आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे या क्षेत्रातील साह्य अवश्य घ्यावे. परंतु विद्यापीठाने कोणत्या वनस्पतीवर आधी काम करावे, कोणते द्रव्य बाजारात भ्रष्ट होऊ लागले आहे, हे आपणच सांगू शकतो. मागणी ज्याची, त्यानेच विचारणा करावयाची असते.

आमच्या सूचना

केवळ मत मांडून थांबण्यापेक्षा काही ठोस सूचना येथे करीत आहोत.

पहिली सूचना अशी की, प्रत्येक फार्मसीने आपण सर्वाधिक वापरतो अशा द्रव्यांपैकी एकाच वनस्पतीचे पालकत्व घ्यावे. दहा वनस्पतींची नुसती नावे फलकावर लिहिण्यापेक्षा एका टेटूची दोनशे रोपे जगविणे अधिक मोलाचे आहे. त्यासाठी एक बीजवही ठेवावी. बी कोठून आणले, झाडावरून की जमिनीवरून, कोणत्या महिन्यात, परीक्षेत किती उगवले, कोणता संस्कार केला, किती रोपे जगली. एवढे सहा रकाने पुरेत.

दुसरी सूचना खरेदीविषयी. उगवणीची टक्केवारी आणि संग्रहाचा महिना लिहिल्याशिवाय वनौषधींचे बियाणे विकत घेऊ नये. आपण मागितले नाही तर विक्रेता ते कधीही लिहिणार नाही.

तिसरी सूचना आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. बी गोळा करणाऱ्याला बियाण्याचा स्वतंत्र आणि चांगला भाव द्यावा. वनहक्क कायदा २००६ नुसार गौण वनोपजावर ग्रामसभांचा हक्क मान्य झाला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्या जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा आज आपल्या वनोपजाचा व्यवहार स्वतः करतात. अशा ग्रामसभांशी फार्मसीचालकांनी मुळांऐवजी बियाण्याचा करार करावा. टेटूच्या मुळाचे पैसे एकदाच मिळतात. उभ्या टेटूच्या शेंगांचे पैसे दरवर्षी मिळू शकतात. हा हिशेब रानातील मनुष्याला समजावून सांगण्याची गरज नाही, त्याला तो आपल्याआधी कळतो. घेणारा गिऱ्हाईक तेवढा हवा.

चौथी सूचना महाविद्यालयांसाठी. प्रत्येक आयुर्वेद महाविद्यालयाला वनौषधी उद्यान राखावेच लागते. या उद्यानांतील झाडांपासून दरवर्षी बी धरावे आणि द्रव्यगुण विभागाच्या विद्यार्थ्यांनी त्याची उगवण तपासून नोंद ठेवावी. बागेतील पाटीवर वनस्पतीचे नाव, कुल आणि गुणकर्म असतात. त्याखाली 'बी कधी धरावे, कसे उगवते' अशी एक ओळ वाढविण्यास खर्च येत नाही.

पाचवी आणि शेवटची सूचना या त्रैमासिकाच्या संपादक मंडळासाठी आहे. प्रत्येक अंकात एक पान बीजवहीसाठी राखून ठेवावे आणि त्यात यशाइतकीच अपयशाची नोंद छापावी. कोणत्या महिन्यात धरलेले, कोणत्या पद्धतीने पेरलेले बी उगवले नाही, हे कळले तर दुसऱ्या जिल्ह्यातील वैद्याचे एक वर्ष वाचेल.

येत्या माघ-फाल्गुनात टेटूच्या शेंगा वाळतील, बाहव्याच्या शेंगा काळ्या पडतील, वैशाखात शिवणीची पिवळी फळे खाली पडतील. त्या वेळी बी हाती आले तरच पुढील मृगात आपल्याला पद्धत निवडण्याचा अधिकार राहील. वाचकांनी आपली एक वनस्पती आताच निश्चित करावी आणि तिचे नाव संपादक मंडळाकडे कळवावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.